चोकची चंपी

आमच्या दिशाचं लग्न झालं ते साल २०२३. माघ लागला होता, जानेवारी संपत आला होता आणि वसईजवळच्या आमच्या गास गावात त्या आठवड्यात अशी थंडी पडली की माणसं डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर काढून मिरवत होती. दिशा ही माझी नात, माझ्या मुलाची, भूपेशची मुलगी. बऱ्याच वर्षांनी घरात लग्न निघालेलं, त्यामुळे प्रत्येकाचा काही ना काही हट्ट. सूनबाईला, तेजस्वीला, गजरे वाडीतल्याच मोगऱ्याचे हवे होते. ती गिरगावची. मोगरा माघात फुलत नाही हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. भूपेशला सगळं वेळेवर हवं होतं, जे आमच्या घराण्यात कुणाच्याच लग्नात झालेलं नाही. आणि आमच्या ह्यांना, हरिश्चंद्रांना, नात आपल्या गाडीतून हॉलवर जायला हवी होती.

ही गाडी मुळात ॲन्सेल्मची. ॲन्सेल्म आमचा शेजारी, ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने उमेदीची वर्षं बहरीनच्या गॅरेजात काढली. परत येताना लोक सोनं आणत, टेपरेकॉर्डर आणत, त्याने गाडी आणली. अमेरिकन, शेवाळी रंगाची, आणि लांब इतकी की वळणावर पुढचं तोंड वळलं तरी मागचा भाग अजून शेजारच्या निर्मळ गावातच आहे असं वाटावं. त्याची बायको व्हेरोनिका बंदरावर बघायला गेली आणि म्हणाली, "ह्याच्यात बसायचं, की ह्याला वल्हवायचं?" स्टिअरिंग डाव्या हाताला. म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे मी बसायचे. समोरून येणारे एस्टीवाले मला शिव्या घालत. मीही त्यांना घालत असे. माझ्या हातात स्टिअरिंग नाही हे त्यांना कळेपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची.

पुढे ॲन्सेल्मचा मुलगा एल्रॉय परदेशात स्थायिक झाला, ॲन्सेल्मचे डोळे साखरेने खायला घेतले आणि गाडी आमच्या शेडमध्ये आली. देताना ॲन्सेल्मने बॉनेटखालच्या फिल्टरच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलं, "हऱ्या, हात लावू नको." मी तेव्हा उतारवयात नुकतीच वाचायला शिकले होते आणि जे दिसेल ते मोठ्याने वाचत सुटायचे. गाडी बघायला आलेल्या सगळ्या पाहुण्यांना मी ते वाचून दाखवलं. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. ते दिवस फार सुखात गेले.

हात लावू नको असं लिहिण्याचं कारण चोक. आमचे हे तरुणपणी केळीचा ट्रक चालवत. ट्रकला चोकची दांडी असायची. सकाळी इंजिन गार असलं की दांडी बाहेर ओढायची, इंजिन तापलं की आत ढकलायची. ह्या गाडीला दांडीच नाही. ह्यांनी सगळीकडे शोधली, सीटखालीसुद्धा हात घातला.

"ओढायला दांडी नाही, मग चोक कसला?" हे म्हणाले.

"आपोआप ओढला जातो," ॲन्सेल्म म्हणाला.

"कोण ओढतं?"

"थंडी ओढते. गरमी सोडते."

"म्हणजे देवावर हवाला?"

"देवाला कशाला मध्ये घेतोस? त्याला तुझे नवस पुरे झाले."

मग ॲन्सेल्मने समजावून सांगितलं. मीही ऐकत होते, कारण भाजी निवडायला तिथेच बसले होते. गार इंजिनात पेट्रोल नीट उडत नाही, भिंतींना चिकटून बसतं. म्हणून सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावं लागतं. कार्बोरेटरच्या तोंडावर एक झडप असते. ती मिटली की हवा कमी होते. हाच चोक. ह्या गाडीत ती झडप एका काळ्या गोल डबीला जोडलेली. डबीत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी. पट्टी दोन धातूंची, पाठीला पाठ लावून जोडलेली. ऊब लागली की एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. सुटता येत नाही म्हणून दोघं मिळून वाकतात. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या घरात रोज चालतं. गार असली की पट्टी झडप मिटून ठेवते. इंजिन चालू झालं की धुराड्याजवळून एक बारीक नळी गरम हवा डबीत आणते, पट्टी उलगडते, झडप हळूहळू उघडून उभी राहते, इंजिन मोकळा श्वास घेतं. माणसाने एवढंच करायचं, की चावी फिरवण्याआधी पायाखालचं ॲक्सिलरेटरचं पेडल एकदा पूर्ण दाबायचं आणि सोडायचं. त्याने झडपेची अडकण सुटते. एकदाच.

आमचे हे एकदा कधीच दाबत नसत. कपाळाला हात लावून नमस्कार करत आणि मग तीनदा दाबत. एक गणपतीला, एक ग्रामदेवतेला आणि एक ॲन्सेल्मवर भरवसा नाही म्हणून.

तरी इतकी वर्षं गाडी सुरू होत आली, कारण वसईत गारठा असतो किती?

आता अट कशी ठरली ते सांगते. भूपेशला शेड हवी होती. त्याने नवी गाडी बुक केली होती आणि कामणच्या एका भंगारवाल्याशी बोलणं करून ठेवलं होतं. लग्नाच्या आधी जेवताना त्याने विषय काढला.

"बाबा, दिशा तुमच्या गाडीतून जाईल, माझी हरकत नाही. पण मी एक पांढरी गाडी भाड्याने सांगितली आहे, ती दारात उभी राहील. तुमची लागली, इंजिन सुरू झालं, तर तुमची. नाही लागली तर दिशा पांढरीतून जाईल. आणि तसं झालं तर लग्न आटपलं की कामणवाला येईल. मला शेड लागणार आहे."

"शेड कशाला?"

"गाडी ठेवायला."

"मग आता तिथे काय बांधलंय, म्हैस?"

"बाबा, मस्करी नको. मंजूर आहे का?"

ह्यांनी भात कालवला, ताक ओतलं, आणि म्हणाले, "मंजूर." माणूस इतर बाबतींत कसाही असो, दिलेला शब्द गिळणारा नव्हता. त्यामुळेच मला काळजी वाटली.

दिशा मात्र खूश होती. तिने मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की मी होडीतून येणार आहे.

लग्नाच्या सकाळी हे सगळ्यांच्या आधी उठले. गाडीला झेंडूची माळ घातली. स्वतः पांढरं धोतर, काळा कोट, डोक्याला टोपी, आणि टोपीखाली चपचपीत खोबरेल. घरात खोबरेलाच्या बाटल्या चुलीशेजारी ओळीने उभ्या होत्या, कारण रात्रीत सगळं तेल थिजून पांढरं झालं होतं आणि बायकांना वेण्या घालायच्या होत्या.

हे गाडीत बसले. नमस्कार. पेडल तीनदा. चावी.

घर्र, घर्र, घर्र. गाडीने ऐकलं आणि काही बोलली नाही.

पुन्हा चावी. पुन्हा घर्र. मग हे पेडल मारत सुटले. पेट्रोलचा वास थेट मांडवापर्यंत आला. पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर आपल्या गाडीला टेकून उभा होता. तो ज्या तऱ्हेने नखं बघत होता ते मला आवडलं नाही.

भूपेश बाहेर आला. "बाबा."

"थांब, गार आहे जरा."

"गार आहे म्हणूनच तर सुरू व्हायला पाहिजे ना? तुम्हीच सांगत असता, आपोआप."

मी ॲन्सेल्मला हाक मारायला गेले, तर तो आधीच कुंपणापाशी उभा. शाल पांघरून, व्हेरोनिकाचा हात धरून. डोळे गेले तरी कान शाबूत होते.

"वहिनी, तो आत काय करतोय? गाडी चालवतोय की शिलाई मशीन? आवरा त्याचा पाय."

आम्ही त्याला आणून गाडीपुढे उभा केला. बॉनेट उघडलं, फिल्टरचं झाकण काढलं. ॲन्सेल्मने बोट आत घातलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"इंजिन गार, आणि झडप सताड उघडी? ही तर मिटलेली पाहिजे." त्याने झडप ढकलून पाहिली. ती हलली, पण थिजलेल्या तुपातून चमचा हलतो तशी. त्याने बोट बाहेर काढलं. बोटाला काहीतरी पांढरट, मळकट लागलेलं. त्याने वास घेतला. पुन्हा घेतला.

"हऱ्या."

"काय?"

"तुझं डोकं इकडे आण."

ह्यांनी डोकं वाकवलं. ॲन्सेल्मने टोपी बाजूला सारून डोक्याचा वास घेतला, मग बोटाचा.

"तू माझ्या चोकची चंपी केलीस?"

मांडवातल्या बायका आधीच कान देऊन होत्या. त्या फिसकन हसल्या. ह्यांनी टोपी सारखी केली. आमच्या ह्यांचा खोबरेलावर जेवढा विश्वास तेवढा डॉक्टरवर कधी नव्हता. आपल्या नारळांचं, आपल्यासमोर घाण्यावर काढलेलं तेल. दाराच्या बिजागरीला तेच, रहाटाला तेच, गुडघ्याला तेच, केसांना तेच. एकदा माझं कापलेलं बोट बरं होईना तर तिथेही तेच.

"गणपतीत जरा कुरकुरत होती," हे शेवटी म्हणाले. "एक थेंब सोडला."

"एक?"

"पळीभर."

"गणपतीत पातळ होतं," व्हेरोनिका म्हणाली. "आता माझ्या घरातली बाटली दगड झालीय. ह्यांना कुणी सांगायचं की तेल थिजतं? जन्म इथेच गेला ना दोघांचा?"

"मला कशाला ओढतेस?" ॲन्सेल्म म्हणाला. "मी नाही तेल घातलं."

"तुम्ही दोस्ती केलीत ना."

तर झालं होतं असं. आदल्या दिवशी गाडी धुऊन ह्यांनी ती वसईपर्यंत फिरवून, लाडाने पेट्रोल भरून आणली होती. तापलेल्या इंजिनात झडप उघडली. रात्री गारठ्यात तेल आणि धूळ मिळून मेण झालं आणि झडप उघडी ती उघडीच राहिली. डबीतली पट्टी बिचारी आतून ओढत होती, पण एवढ्याशा पट्टीत जोर तो किती.

"सोपं आहे," ॲन्सेल्म म्हणाला. "मी बोटाने झडप मिटतो. हऱ्या, चावी मार. आणि पेडलला पाय लावलास तर तो पाय मी घरी नेईन."

त्याने झडप मिटली. ह्यांनी चावी फिरवली. गाडीने एक ढेकर दिली आणि लागली. मांडवात टाळ्या वाजल्या. मग मागून धूर यायला लागला. काळा, जाड, मंगल कार्याला अजिबात न शोभणारा. तेजस्वीने रात्री जागून काढलेल्या रांगोळीवर तो जाऊन बसला. इंजिन गदगदलं, खोकलं आणि मेलं.

"आता काय झालं?" भूपेशने विचारलं.

"तीच झडप," ॲन्सेल्म म्हणाला. "लागल्यावर ती जराशी तरी उघडायला हवी. मेणात अडकली, मिटली ती मिटलीच राहिली. हवा नाही, नुसतं पेट्रोल. माणूस तोंडावर उशी ठेवून किती वेळ जगेल?"

पेट्रोलने प्लग भिजले. ते काढून पुसायला हवे होते. ह्यांनी कोट काढला, धोतर वर खोचलं आणि कामाला लागले. नव्या कोऱ्या रुमालाने प्लग पुसले. तो रुमाल व्याह्यांना द्यायचा होता. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

तेवढ्यात माझी बहीण आशालता ओवाळणीचं ताट घेऊन आली, त्यात दोन निरांजनं तेवत होती.

"आशे, दिवा लांब ने!" मी ओरडले. "इथे पेट्रोल सांडलंय. नवरी बाहेर पडायच्या आधी तू वर जाशील."

मग मला सुचलं. मी म्हटलं, "ॲन्सेल्मभाऊ, तेल थिजलं की आम्ही काय करतो? ऊब देतो. दिशाच्या न्हाणीचं पाणी अजून कढत आहे."

"वहिनी, देवाने अक्कल वाटताना तुम्ही रांगेत पुढे होतात. आणा. फडकं भिजवून सगळीकडून शेका."

मी कळशी आणली, जुन्या लुगड्याचे तुकडे आणले. कढत पाण्यात बुडवून, पिळून कार्बोरेटरला चारी बाजूंनी शेक दिला. बाळंतिणीलासुद्धा मी इतक्या मनापासून शेकलं नव्हतं. थोड्याच वेळात तेल वितळलं आणि टपटप खाली आलं. ॲन्सेल्मने पेट्रोलने भिजवलेल्या चिंधीने झडपेचा दांडा पुसून काढला. बोटाने हलवून पाहिली. पाखराच्या पंखासारखी हलली.

"झालं. चावी मार."

घर्र, घर्र, घर्र. काही नाही.

ॲन्सेल्मने आत बोट घातलं. झडप पुन्हा सताड उघडी. त्याने मिटली, तर आपली आपण उघडली.

त्याने कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, तुम्ही डबीपण शेकलीत?"

"तुम्हीच म्हणालात सगळीकडून."

"मी म्हणालो? मग मी गाढव. डबीला वाटलं इंजिन तापलं. ती काय करणार, तिने झडप उघडली. तिला कुठे माहीत की तिला न्हाणीचं पाणी घातलंय."

"म्हणजे आता डबी गार होईपर्यंत थांबायचं?" ह्यांनी विचारलं.

आणि तेव्हाच भूपेश म्हणाला, "बाबा, आता थांबता येणार नाही."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, ह्यांना भांडता आलं असतं. दिशा बाहेर आली होती. हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधलेली, कपाळाला घाम नाही पण डोळ्यांत काळजी. मुहूर्त वसईच्या हॉलवर होता आणि भटजी दुसऱ्या लग्नाला जाणारे होते.

"आजोबा," ती म्हणाली, "मी थांबते ना थोडं."

ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी तिला हात लावला नाही. म्हणाले, "गाडीसाठी लग्न थांबवायचं नसतं बाळा. जा. ती पांढरी लागते, तिच्यात बस."

"तुम्ही?"

"आम्ही येतो मागून. बस मिळाली तर बसने."

तेजस्वीने मला हाक मारली. नवरीच्या मागे कलश घेऊन आजीने बसायचं, तशी आमच्यात पद्धत. "आई, चला, उशीर होतोय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते झडपेकडे बघत होते. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांचे वडील गेले तो दिवस सोडला तर त्यांचा असा चेहरा मी पाहिलेला नव्हता. मी म्हटलं, "कलश आशालताकडे दे. माझे हात अडकलेत."

माझ्या हातात तेव्हा काहीच नव्हतं.

पांढरी गाडी गेली. पाठोपाठ वऱ्हाडाची बस गेली. वाडीत आम्ही चौघं म्हातारी उरलो आणि झेंडूची माळ घातलेली ती होडी.

"आता घाई नाही," ॲन्सेल्म म्हणाला. "दुपारपर्यंत डबी आपोआप गार होईल."

"दुपारी कशाला जायचं, भांडी घासायला?" मी घरात गेले. फ्रीझर उघडला. तेजस्वीने सोललेल्या मटारच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या, वर्षभराच्या पुलावाच्या. त्यातली एक आणली आणि काळ्या डबीवर ठेवून दाबून धरली. दगडासारखा गार मटार. व्हेरोनिकाने दुसऱ्या बाजूने कोमट फडकं झडपेच्या दांड्याला लावून धरलं, तेल पुन्हा थिजू नये म्हणून. एकीकडे शेक, एकीकडे बर्फ. डॉक्टरने पाहिलं असतं तर चौघांनाही दाखल करून घेतलं असतं.

"हऱ्या, आत बस. पेडल एकदा दाब. एकदाच. आणि मनात कुठलाही देव आणू नकोस."

ह्यांनी पेडल दाबलं आणि सोडलं.

मी वरून बघत होते. झडप उभी होती. मग ती हलली. कुणी हात लावला नव्हता. ॲन्सेल्मचे दोन्ही हात शालीत होते. झडप हळूच, अगदी मांजर डोळा मिटतं तशी, मिटत गेली. इतकी वर्षं ती गाडी आमच्या शेडमध्ये होती आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"मिटली," मी म्हटलं.

"पूर्ण?" ॲन्सेल्मने विचारलं.

"पूर्ण."

"मग मार चावी."

पहिल्याच घर्रला गाडी लागली. लागली म्हणजे अशी गरजली की कुंपणावरचे कावळे उडाले. मिटलेली झडप लगेच फटीएवढी उघडली, तेवढीच जेवढी हवी. ॲन्सेल्म नुसता ऐकत होता. मी मटार काढून घेतला. थोड्या वेळाने आवाज खाली आला, झडप आणखी उघडली, आणखी, आणि शेवटी सरळ उभी राहिली. ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोळे ओले होते. पेट्रोलने असतील.

"बसा," ते म्हणाले.

आम्ही निर्मळ, गिरीज करत वसईला गेलो. पुढे हे आणि मी, मागे ॲन्सेल्म आणि व्हेरोनिका. नवरीच्या जागी मटारची पिशवी. वाटेत एका एस्टीवाल्याने मला शिवी दिली. मी शुभ दिवस म्हणून नुसता हात हलवला. हॉलवर पोचलो तेव्हा शेवटची मंगलाष्टकं चालू होती. हे तसेच काळ्या हातांनी अक्षता टाकायला पुढे गेले. अक्षता हळदीच्या पिवळ्या होत्या, दिशाच्या डोक्यावर पडल्या तेव्हा त्यांतल्या काही काळ्या होत्या. ती वळून हसली. फोटोत ते सगळं आलं आहे.

पण अट ती अट. दिशा पांढऱ्या गाडीतून गेली होती.

सत्यनारायण झाल्यावर एका सकाळी ह्यांनी स्वतः गाडीवर ताडपत्री घातली, घरात आले आणि चावी भूपेशच्या चहाच्या बशीशेजारी ठेवली. म्हणाले, "बोलाव तुझ्या कामणवाल्याला." आणि वाडीत पानवेलीला पाणी सोडायला निघून गेले. त्या दिवशी पानवेलीला पाण्याची गरज नव्हती.

भूपेशने फोन हातात घेतला. चावी मी उचलली आणि कनवटीला खोचली.

"आई, हे काय? ठरलं होतं ना?"

"तुझ्यात आणि त्यांच्यात ठरलं होतं. मला कुणी विचारलं? शेडची कौलं माझ्या माहेरची आहेत."

"म्हणून ती गाडी जन्मभर ठेवायची? तूच तर म्हणायचीस, ही ब्याद कधी जाते."

"म्हणायचे. आजही म्हणते."

"मग?"

"मग असं कर. कामणवाल्याला बोलाव, आणि आधी ह्यांना ने म्हणावं. गुडघे गेलेत, कान गेलेत, सकाळी सुरू व्हायला दोन चहा लागतात आणि सुरू झाले की धूर सोडतात. त्यांच्या मानाने गाडी नवी आहे. ते गेले की मग गाडीचं बघू. रांगेने जाऊदे सगळं."

भूपेश हसू दाबत म्हणाला, "आणि माझी नवी गाडी?"

"ती पावसात भिजली तर विरघळते का?"

तेजस्वी आतून म्हणाली, "फणसाखाली नका लावू म्हणजे झालं."

भूपेशने फोन खिशात ठेवला. त्याची नवी गाडी आली ती मांडवाच्या जागेवर उभी राहिली, आणि फणसापासून लांब. ह्यांना मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी वाडीतून आले, ताडपत्री काढलेली पाहिली आणि चावी खिळ्याला अडकवलेली पाहिली. जेवताना म्हणाले, "भाजीला मीठ जरा कमी आहे." तेवढंच.

त्यानंतर ॲन्सेल्मने अख्खा चोक उतरवून पेट्रोलने धुवायला लावला. डोळे नसल्यामुळे हात ह्यांचे आणि शिव्या त्याच्या. रविवारी मिसा, म्हणजे चर्चची प्रार्थना, सुटल्यावर हे गाडी काढत, ॲन्सेल्मला चर्चच्या दारातून घेत आणि दोघं समुद्रापर्यंत जाऊन येत. कधी व्हेरोनिका जाई, कधी मी. पेडल एकदाच दाबायचं हे मात्र ह्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. दुसऱ्यांदा पाय उचलला की मागून ॲन्सेल्म ओरडायचा.

ॲन्सेल्म त्याच वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, इस्पितळात वारला. हरिश्चंद्र २०२४ च्या सप्टेंबरात, गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी, घरी वारले.